तुळईला टांगलेला पाळणा

गावात त्याला ओळंबा म्हणत. तोंडावर अप्पा, पाठीमागे ओळंबा. सुतारकीत हयात गेली, पण नाव पडलं ते एका सवयीपायी. दार बसवायला जावो, नाहीतर कुणाच्या घरी नुसता पाणी प्यायला जावो, खिशातून दोरीला बांधलेला पितळी ओळंबा काढून तो भिंतीला लावून बघायचा. भिंत कललेली निघाली की मालकाकडे असा बघायचा, जणू त्या माणसाचीच चाल वाकडी आहे. लोक हसायचे, पण दार बसवायचं झालं की त्यालाच बोलवायचे. कारण त्यानं बसवलेलं दार अर्ध्यावर सोडलं तर अर्ध्यावरच उभं राहायचं. आपलं आपण मिटायचं नाही की उघडायचं नाही.

त्या वर्षी मात्र ओळंबा लावायला भिंतच राहिली नव्हती. पाऊस तोंड दाखवून गेला तो गेलाच. शेतं करपली, आणि शेतं करपली की घरं उठायची थांबतात. जुनं दार मोडलं तर माणूस गोणपाट लावतो आणि म्हणतो, चालतंय. बैल नाही तिथं जू कशाला, धान्य नाही तिथं कोठी कशाला? सुताराच्या दारात भुसा पडेना. रंधा खिळ्याला टांगलेला तसाच राहिला आणि त्याच्या पात्यावर गंजाची लाली चढायला लागली.

लेक हाताशी आलेला होता. बापाचा हात त्याच्यात उतरला होता, फक्त बापाची जीभ उतरली नव्हती, हे त्याच्या बायकोचं भाग्य. पण हात असून काय करायचं? दर सोमवारी ठेकेदाराचा ट्रक गावात यायचा आणि हाताला काम नसलेली माणसं भरून दूर शहरात न्यायचा. तिथं उंच इमारतींच्या स्लॅबखाली फळ्या ठोकायच्या, काँक्रीट सुकलं की त्याच फळ्या उपटायच्या. लेकानं नाव दिलं होतं. पिशवी भरून कोपऱ्यात ठेवली होती. सुनेला दिवस भरत आले होते. ती त्या पिशवीकडे बघायची नाही. झाडताना केरसुणी पिशवीला वळसा घालून जायची.

सून गावच्या शाळेत बाई होती.

शाळेत एक प्रोजेक्टर येऊन पडला होता. शिकून मोठ्या झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पाठवलेला. वर्गाच्या छताला टांगायचा, भिंतीवर चित्रं पाडायची आणि पोरांना समुद्र, ज्वालामुखी, पोटातलं आतडं, सगळं जागच्या जागी दाखवायचं. शहरातून फिटर आला. त्यानं मान वर करून पत्र्याचं छप्पर बघितलं, जुन्या लाकडी तुळया बघितल्या आणि म्हणाला, "याला स्लॅब लागतो. पत्र्याला काय लावू, माझं डोकं?" चहा पिऊन तो गेला आणि यंत्र हेडसरांच्या कपाटात गेलं.

सून हेडसरांना म्हणाली, "सर, आमचे अप्पा लावतील."

हेडसर सरळ माणूस. म्हणाले, "लावलं आणि नीट चाललं, तर शाळेचं सगळं लाकूडकाम तुमच्या घरी. मोडके बाक, दारं, खिडक्या, ग्रंथालयाची कपाटं. बापलेकांना पाऊस येईपर्यंत मान वर करायला सवड मिळणार नाही."

शाळेच्या कमिटीवर एक पंपवाला होता. विहिरींचे पंप दुरुस्त करायचा. विहिरीच आटल्यामुळे त्यालाही धंदा नव्हता, म्हणून तो सगळा वेळ कमिटीला द्यायचा. तो म्हणाला, "आणि नाही चाललं तर?"

"तर शहरातलं दुसरं कुणी बघू. मग लाकूडकामही त्यांच्याचकडे जाईल. एकालाच सगळं देऊन टाकायचं, असं कमिटीत ठरलंय."

"मग ठीक. ओळंब्याची परीक्षा होऊन जाऊ दे."

सुनेनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ओळंब्याची म्हातारी टाकीवरून पाण्याचा कॅन घेऊन आलेली होती. दम खात उंबऱ्यावर बसली आणि लेकाकडे बघून म्हणाली, "ऐकलंस का रे? सोमवारपर्यंत ती पिशवी तिथंच असू दे. देवाला आपली आठवण झालेली दिसते."

लेक म्हणाला, "देवाला झाली असेल. पंपवाल्याला झाली की सांग."

दुसऱ्या दिवशी ओळंबा शाळेत गेला. यंत्र आधी चालताना बघायचं, मग टांगायचं, ही त्याची रीत. घोड्याला नाल मारायच्या आधी घोडा चालवून बघतात, तसं. सुनेनं यंत्र टेबलावर ठेवलं. हेडसरांचा लॅपटॉप शेजारी ठेवला. जाड काळी केबल एका टोकानं इकडं, दुसऱ्या टोकानं तिकडं खोचली. भिंतीवर निळा उजेड पडला आणि त्यावर 'सिग्नल नाही' अशा अर्थाची अक्षरं आली.

"बिघडलं?" ओळंब्यानं विचारलं.

"नाही अप्पा. ते विचारतंय, कुणाचं ऐकू म्हणून. त्याला तीन-चार ठिकाणी केबल लावता येते. आपण कुठं लावली ते सांगावं लागतं." तिनं रिमोटचं बटण दाबत योग्य जागा निवडली, लॅपटॉपच्या दोन कळा एकदम दाबल्या आणि भिंतीवर झाड उभं राहिलं. पुसट होतं. यंत्राच्या तोंडाभोवतीची कडी तिनं बोटानं जराशी फिरवली. पानापानाच्या शिरा दिसायला लागल्या.

ओळंबा बराच वेळ बघत राहिला. झाडाकडे नाही, यंत्राकडे. यंत्राला खाली रबराचे छोटे पाय होते. वर गुळगुळीत पाठ होती. कुशीतून गरम वारा येत होता. त्यानं हात धरून बघितला, आजारी माणसाचा श्वास बघतात तसा.

"गरम होतं ह्याचं अंग."

"म्हणून चारी बाजूंनी मोकळं ठेवायचं. कोंडायचं नाही."

"कळलं," तो म्हणाला आणि टेप काढून यंत्राची लांबी-रुंदी घ्यायला लागला. जाताना हेडसरांनी यंत्राच्या खोक्यातून आलेलं एक लोखंडी जुगाड त्याच्या हातात दिलं. मधे गोल चकती आणि तिला फुटलेले चार लांब पाय. "हे छताला लावायचं म्हणतात, बघा कामाला येतंय का."

ओळंब्यानं ते घरी आणलं, उलटसुलट केलं, अंगठ्यानं पत्रा दाबून बघितला आणि खिळ्याला टांगून दिलं. "कोळी आहे नुसता," तो म्हणाला. "ह्याच्या जिवावर एवढं महागाचं यंत्र सोडायचं? खाली पोरं बसणार. लाकूड लाकडाला धरतं. मी करतो काय ते."

आणि त्यानं पाळणा केला.

जुन्या सागवानाची एक फळी अंगणात किती वर्षं पडून होती. ती त्यानं तासून सरळ केली. बापलेक समोरासमोर बसून करवत ओढत होते. घाम नाकाच्या शेंड्यावरून भुशात पडायचा आणि भुशाची गोळी व्हायची. खालचा तळ, त्याला यंत्राच्या पायांपुरत्या चार खळग्या. बाजू सगळ्या मोकळ्या, नुसत्या गजांच्या, वारा खेळता राहावा म्हणून. वर तुळईला बसणारी जाड फळी, आणि ती फळी अन् पाळणा यांना जोडणारे चार लाकडी दांडे. सांधे असे बसवले की खिळा लागला नाही. लेकानं पटाशीनं कडा मोडून गोल केल्या. खरंतर काही गरज नव्हती, पण एवढ्या दिवसांनी हातात लाकूड आलं होतं आणि हात थांबत नव्हते.

म्हातारी दारातून बघत होती. म्हणाली, "पहिला पाळणा यंत्राला. नातवंड आलं की त्याला काय, कोळी देणार?"

"नातवंडाला अवकाश आहे."

"त्याला नसेल. तिचे पाय बघा किती सुजलेत."

सून भिंतीला टेकून बसली होती, पाय समोर पसरून. ती हसली आणि लेकाकडे बघितलं. लेकानं मान खाली घालून कड घासली. पिशवीचा विषय असा तिथल्या तिथं वाऱ्यासारखा फिरून जायचा.

शनिवारी सकाळी शिडी लावून बापलेकांनी पाळणा तुळईला बसवला. बोल्ट आरपार घातले, खालून वायसर, पान्यानं आवळले. मग ओळंबा स्वतः पाळण्याला दोन्ही हातांनी लोंबकळला. गुडघ्यात कळ मारत होती तरी पाय उचलून लोंबकळला, आणि वर्गाच्या खिडकीतून बघणारी पोरं टाळ्या वाजवायला लागली. तुळई हूं का चूं करेना. केबल तुळईच्या अंगानं नेली, जागोजागी चामड्याच्या पट्ट्यांनी धरली, म्हणजे ती चेपायची नाही. यंत्र चार खळग्यांत बसवलं. वरती त्या काळ्या तुळईखाली नवं सागवान असं दिसत होतं, की हेडसरसुद्धा म्हणाले, "अप्पा, हे यंत्र आहे की राजपुत्र?"

सगळे बसले. पोरं खाली, हेडसर आणि कमिटी खुर्च्यांवर. पंपवाला पाय पसरून पहिल्याच खुर्चीत. सुनेनं रिमोट दाबला. वर फुर्र आवाज झाला, आणि उजेड पडला.

उजेड पडला, पण कुठं? भिंतीच्या अगदी वरच्या पट्टीत थोडासा, आणि बाकी सगळा छपरावर. पत्र्याच्या पन्हळींवरून समुद्र वळवळत वर गेला. एक जहाज वाश्यात अडकून मोडलं. भिंतीवर काय राहिलं, तर नुसता समुद्राचा तळ.

पंपवाला म्हणाला, "छान झालं. आता पोरांनी पाठीवर उताणं पडून शिकायचं. बाक लागणारच नाहीत, कमिटीचं काम वाचलं."

पोरं हसली. हेडसर हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा पुसायला काढला, आणि ते जास्त वाईट होतं.

ओळंबा शिडीवर चढला. "तोंड जरा खाली करतो," म्हणाला. यंत्राच्या मागच्या पायांखाली त्यानं पाचर घातली. जहाज थोडं खाली आलं. आणखी एक पाचर. आणखी खाली आलं, पण आता चित्र वर अरुंद आणि खाली फताडं, बसक्या घमेल्यासारखं झालं. सुनेनं रिमोटनं त्याच्या कडा ओढून बघितल्या. ओढता ओढता चित्राचे कोपरे धूसर झाले तरी कडा सरळ होईनात. तिसरी पाचर घातली तेव्हा यंत्रच खळगीतून पुढं घसरलं. ओळंब्यानं वेळीच छातीनं अडवलं. गरम हवा त्याच्या गळ्यावर येत होती.

आणि मग पंपवाल्यानं ते केलं. उठला, शिडीशी गेला, ओळंब्याच्या खिशातून लोंबणारी दोरी ओढून पितळी ओळंबा काढला आणि भिंतीवरच्या चित्राच्या कडेला धरला. दोरी सरळ लोंबत होती. चित्राची कड तिच्यापासून तिरकी पळत होती.

"बघा," तो म्हणाला. "ज्याचा त्याला लावून बघितला."

ओळंबा शिडीवरून खाली उतरला. एकेक पायरी, बाजूला धरून. पंपवाल्याच्या हातातून त्यानं ओळंबा घेतला, दोरी बोटाभोवती गुंडाळली आणि खिशात ठेवला.

"काही हरकत नाही अप्पा," हेडसर म्हणाले. "लाकूड तुम्ही उत्तमच केलंय. पण हे जरा... सोमवारी सकाळी मी शहरात फोन लावतो."

सोमवारी. ट्रकही सोमवारीच.

रविवारी सून म्हणाली, "टेबलावर तर इतकं छान दिसत होतं. अप्पांनी अगदी तसंच ठेवलं. मी शिकत होते तिथं वर छताला होता एक, पण मी कधी त्याच्याकडे बघितलंच नाही. आम्ही सगळे चित्राकडे बघायचो."

"त्यात तुझं काय चुकलं?" लेक म्हणाला. "दिवा कुणी बघतं का, दिव्याच्या उजेडात बघतात." आणि तो पिशवीतले कपडे काढून पुन्हा घडी करून भरत बसला. घडी आधीच चांगली होती.

ओळंबा अंगणात निंबाच्या सावलीत बसला होता. ऊन एवढं, की सावलीसुद्धा तापलेली. हाताला चाळा हवा म्हणून त्यानं खिळ्यावरचा कोळी काढला. उलटासुलटा केला. चार पायांच्या टोकांना लांबट भोकं होती. ही भोकं कशाला? काहीतरी धरायलाच ना? करणाऱ्यानं उगीच थोडीच पाडली? बायकोनं चहा आणून ठेवला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"अगं," तो सुनेला म्हणाला, "त्या यंत्राच्या पोटाला भोकं आहेत का गं? पायांच्या आतल्या बाजूला?"

"आहेत. आटे आहेत आत. मी बघितलेत."

"किती?"

"तीन का चार."

तो उठून उभा राहिला. खिशातून टेपच्या मापाचा कागद काढला नाही, त्याला ते सगळं पाठ होतं. अंगठा आणि तर्जनी ताणून त्यानं कोळ्याचे पाय पसरवले, यंत्राच्या पोटाएवढे. ते बसले असते. पोटालाच बसले असते, दुसरीकडे कुठंच नाही. म्हणजे चकती वर तुळईला, पाय खाली, आणि पायांना यंत्राचं पोट. आणि पोट वर गेलं तर मग—

तो पुन्हा बसला.

"काय झालं?" म्हातारीनं विचारलं.

"त्याला उलटं टांगायचंय."

"कुणाला?"

"यंत्राला. डोकं खाली, पाय वर. करणाऱ्यानं तसंच केलंय ते."

"मग टांगा की."

"टांगा काय टांगा." तो चिडला. "एवढं महागाचं यंत्र. आत काचा आहेत, दिवा आहे. आणि देणाऱ्यानं पाय दिलेत त्याला. पाय दिले म्हणजे त्यावर उभं राहायला दिले. मी जन्मात एक वस्तू उलटी बसवली नाही आणि आता, म्हातारपणी, सगळ्या गावासमोर पाहुण्याला उलटं टांगू? आणि तेही त्या कोळ्याला? तो पंपवाला गल्लीबोळातून सांगत सुटेल."

म्हातारी चहाचा कप त्याच्या हातात देत म्हणाली, "एक विचारू? तुमचा लेक जन्माला आला तेव्हा कसा आला?"

"आता त्याचं काय मध्येच?"

"डोकं खाली करून आला. नऊ महिने आत मांडी घालून बसला आणि वेळ आली तेव्हा आपलं आपण उलटा झाला. माझ्या पोटात पाय खाली करून बसला असता तर आज ना तो असता ना मी. तो सरळ कधी झाला? उलटा झाला तेव्हा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ज्यानं केलं त्याला ठाऊक, वर काय ठेवायचं आणि खाली काय. आपण कोण त्याला ओळंबा लावणारे?"

लेक दारात उभा राहून ऐकत होता. हसू आवरत म्हणाला, "आई, हे तू उद्या शाळेत नको सांगूस म्हणजे झालं."

ओळंब्यानं चहा बशीत ओतला. फुंकून प्यायला. मग म्हणाला, "चकतीला ते पातळ बोल्ट नकोत. आपले जाडे घालू."

सोमवारी सकाळी हेडसर यायच्या आधीच तिघं शाळेत होते. लेकाची पिशवी खांद्याला होती. ट्रक आला तर तिथूनच जायचं, असं ठरलं होतं. सून दाराच्या चौकटीला हात टेकून उभी होती.

पाळणा दांड्यांजवळ सोडवून खाली काढला. वरची फळी तशीच राहू दिली, ती काही चुकीची नव्हती. तिलाच कोळ्याची चकती बसवली. यंत्र लेकानं हातांत उलटं धरलं, तान्ह्या मुलाला पोटावर घेतात तसं, आणि ओळंब्यानं एकेक स्क्रू पोटातल्या आट्यात घातला. शेवटचा पिळून झाल्यावर त्यानं यंत्राला हळूच ढकलून बघितलं. हललं नाही. कोळी पातळ होता, पण कोळ्याच्या जाळ्यात माशी अडकते ती सुटते थोडीच?

तोवर हेडसर आले, पोरं आली, आणि कमिटीची बैठक नसलेल्या दिवशीही जो कमिटीसारखा वागायचा तो पंपवालाही आला. त्यानं वर बघितलं.

"अरे, उलटं टांगलंय की."

"हो," ओळंबा म्हणाला. "उलटंच."

"आता काय, यंत्रालाच शिक्षा?"

सुनेनं केबल खोचली, रिमोट दाबला. वर फुर्र झालं. उजेड या वेळी खाली आला, भिंतीच्या बरोब्बर मधोमध, सगळ्या बाजूंनी चौकोनी, आणि ओळंब्याचा जीव एक क्षण भांड्यात पडला. मग चित्र आलं. समुद्र वर, आकाश खाली. जहाज डोक्यावर उभं. अक्षरं पाय वर करून ओळीत झोपलेली.

पोरं खदखदून हसली. पंपवाल्यानं डोळे मिटले. "देवा," तो म्हणाला, "आता बोलायचं तरी काय मी?"

बाहेर, रस्त्याच्या वळणावर, ट्रकचा भोंगा वाजला.

लेकानं पिशवीचा पट्टा खांद्यावर सरकवला. बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती आणि अंगठा रिमोटच्या बटणांवर फिरत होता.

"थांबा," ती म्हणाली. "अप्पा, एक मिनिट. ह्याला ठाऊकच नाहीये."

"काय?"

"की तो उलटा आहे. त्याला वाटतंय आपण अजून टेबलावरच बसलोय. त्याला सांगायला हवं."

तिनं एक बटण दाबलं. भिंतीवर यंत्राची सगळी सोय दाखवणारी यादी उघडली. पण तीही उलटी. तिनं मान तिरकी केली, वाकायला गेली, पण पोट वाकू देईना.

"पोरांनो," ती म्हणाली, "मला हे वाचता येत नाही. कुणी मदत करेल का?"

असं विचारायचा अवकाश, सगळा वर्ग उठला. पोरं आणि पोरी भिंतीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि पायांच्या मधून डोकी घालून बघायला लागल्या. वेण्या जमिनीला टेकल्या. खिशांतून पेन्सिली पडल्या.

"बाई, खाली जा! नाही बाई, वर जा!"

"वर म्हणजे खाली रे!"

"बाई, तिथं चित्रं आहेत छोटी. एका चित्रात यंत्र टेबलावर बसलंय."

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात छताला लोंबकळतंय बाई! आपल्यासारखंच!"

"तेच. त्याच्यावर नेऊ का?"

"न्या! न्या!"

भोंगा दुसऱ्यांदा वाजला, लांबट, त्रासलेला. सुनेनं बटण दाबलं.

भिंत एकदा काळी झाली. मग समुद्र खाली आला, आकाश वर गेलं, जहाज आपल्या पायांवर उभं राहिलं. पोरं तशीच वाकलेली होती, त्यांना अजून ते उलटंच दिसत होतं. एका पोरीनं डोकं वर काढलं, तोंडाचा आ केला, आणि मग सगळी एकेक करत सरळ झाली.

हेडसर खुर्चीत बसले होते ते उठून भिंतीजवळ गेले, आणि चित्रावर पडलेल्या आपल्याच सावलीला बघून बाजूला झाले.

ओळंब्यानं खिशात हात घातला. दोरी सोडली. भिंतीपाशी जाऊन त्यानं पितळी ओळंबा चित्राच्या कडेला धरला आणि तो स्थिर व्हायची वाट बघत राहिला. ओळंबा इकडं झुलला, तिकडं झुलला, आणि थांबला. दोरीची सावली चित्राच्या कडेवर पडली आणि तिच्यातच गेली. दोन रेषा दिसत होत्या, त्याची एकच झाली.

त्यानं दोरी पंपवाल्याच्या हातात दिली.

पंपवाल्यानं ती धरली. एक डोळा मिटून बघितलं. दोन्ही उघडून बघितलं. मग दोरी परत दिली आणि दाराकडे निघाला.

"कुठं निघालात?" हेडसरांनी विचारलं.

"ट्रकवाल्याला सांगतो, जा म्हणून. किती वेळ बोंबलेल तो." दारात त्यानं लेकाच्या खांद्यावरची पिशवी ओढून खाली ठेवली. "माझा पोरगा ह्याच ट्रकनं गेला मागच्या महिन्यात. फोनवर सारखं म्हणतो, बरं आहे. बरं असलं की पोरगा एवढं बोलत नाही." तो थांबला. "तुम्ही बाक करा."

त्या दिवशी दुपारपर्यंत शाळेचे मोडके बाक ओळंब्याच्या अंगणात एकावर एक रचले होते. कुणाचा पाय नाही, कुणाची पाठ नाही. आजारी लोकांची रांग वैद्याच्या दारात लागावी, तसं. आणि त्या सगळ्यांच्या वर, उताणा, पाळणा.

"हा का आणला परत?" म्हातारीनं विचारलं. पण विचारतानाच तिनं त्याचा गज हातानं पुसला.

"सांधे चांगले आहेत," ओळंबा म्हणाला. "आखूड आहे फक्त. तळ बदलावा लागेल. बाजूला थोडे आणखी गज. लेका, लांब फळी आहे का रे आतली?"

लेकानं आत जाऊन खिळ्यावरचा रंधा काढला. पातं उघडून दगडावर घासायला लागला. पाण्याचे चार थेंब, आणि गंजाची लाली दगडावर उतरायला लागली. कोपऱ्यातली पिशवी रिकामी होऊन भिंतीला टेकलेली होती.

सून पाय पसरून उंबऱ्याशी बसली होती. एकदम तिनं श्वास आत घेतला आणि कुशीवर हात दाबला.

"काय गं?" म्हातारी धावली.

"काही नाही आई. लाथ मारली. जोरात. इथं." तिनं हात वर नेला, बरगडीच्या खाली.

"इथं? एवढं वर?"

"हो. दोन दिवस इथंच मारतंय."

म्हातारीनं तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. डोळे मिटले. रंध्याचं पातं दगडावर सरसरत होतं आणि ओळंबा, पाळण्याचा गज हातात घेऊन, तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"पाय वर आहेत," म्हातारी म्हणाली. "म्हणजे डोकं खाली."

"उलटं आहे?" ओळंब्यानं विचारलं.

"सरळ आहे," ती म्हणाली, आणि हसत हसत तिनं डोळे पुसले.